नव्या फोनला रेंज नाही? आधी दोष कुठे आहे ते शोधा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नवा फोन घेतला आणि घरातली रेंज गेली, ही तक्रार गोव्यात पावसाळा सुरू झाला की हटकून वाढते. त्यानंतर लोक काय करतात तेही ठरलेले असते. कुणी फोन घेऊन दुकानदाराशी वाद घालतो, कुणी नंबर दुसऱ्या कंपनीत पोर्ट करतो, तर कुणी गावात टॉवर नाही म्हणून पंचायतीला दूषण देतो. दोष फोनचा आहे, सिमचा आहे की जागेचा, हे घरबसल्या अर्ध्या तासात कळू शकते. ते न पाहता पैसे आणि वेळ वाया घालवणाऱ्या वाचकांसाठी हे पत्र.

पडद्यावरच्या काड्यांवर भिस्त ठेवू नये. किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या याचा सर्वांना बांधील असा नियमच नाही. प्रत्येक उत्पादक आपले गणित ठरवतो. २०१० साली आयफोन ४ च्या वेळी खुद्द ॲपलला कबूल करावे लागले होते, की त्यांचे काड्या मोजण्याचे सूत्र चुकीचे होते आणि फोन असायला हव्यात त्यापेक्षा जास्त काड्या दाखवत होता. म्हणून आकडा पाहावा. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज, मग अबाउट फोन, मग सिम स्टेटस असे गेल्यावर सिग्नल स्ट्रेंथ या शब्दांपुढे तो दिसतो. बऱ्याच फोनवर *#*#४६३६#*#* डायल केले तरी मिळतो, सॅमसंगवर *#००११# आणि आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल करून कॉलचे बटण दाबावे. आकडा उणे असतो आणि डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलच्या शक्तीच्या मापात असतो. ४जीवर उणे ९० किंवा त्याहून चांगला, म्हणजे उणे ८५, उणे ८० असा असेल तर काळजीचे कारण नाही. उणे १०० ते ११० ला बोलणे होते, पण इंटरनेट रखडू लागते. उणे ११५ च्या पलीकडे कॉल तुटतात आणि उणे १२० ला फोन टॉवर सोडायच्या बेतात असतो. या मापात १० चा फरक म्हणजे दहापट आणि ३ चा फरक म्हणजे जवळपास निम्मे किंवा दुप्पट. तेव्हा उणे ८५ आणि उणे ११५ यांत हजारपटीचे अंतर आहे, हे लक्षात ठेवावे.

इथेच सर्वांत मोठी गफलत होते. जुना फोन २जीवर उणे ७५ दाखवत होता, काड्या भरलेल्या होत्या. नवा फोन त्याच खिडकीत ४जीवर उणे १०५ आणि दोनच काड्या दाखवतो. माणूस म्हणतो, फोन खराब निघाला. पण हे दोन आकडे एकाच गोष्टीचे नाहीत. २जीत फोन त्या वाहिनीची सगळी शक्ती मोजतो. ४जीत मात्र रुंद पट्ट्याचे शेकडो बारीक भाग असतात आणि दाखवलेला आकडा त्यांतल्या एकाच भागातल्या खुणेच्या संकेताचा असतो. २० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असे १,२०० भाग बसतात, त्यामुळे तोच सिग्नल कागदावर सुमारे ३० डीबीने, म्हणजे ३० अंकांनी खाली दिसतो. दोन फोनची तुलना करायची तर दोन्ही ४जीवर हवेत, एवढे पथ्य पाळलेच पाहिजे.

आता खरी चाचणी. घरातली एक जागा ठरवावी, शक्यतो खिडकीजवळची. नव्या फोनमधले सिम काढून त्याच कंपनीचे ४जी चालणाऱ्या दुसऱ्या फोनमध्ये घालावे, दोन्ही वेळा फोन त्याच जागी टेबलावर ठेवावा, हात लावू नये, अर्धा मिनिट थांबून आकडा लिहून घ्यावा. मग उलट करावे: घरातल्या दुसऱ्याचे सिम नव्या फोनमध्ये. हेच अंगणात आणि गावच्या तिठ्यावर करावे. सिग्नल सतत हलतो, म्हणून ५-६ डीबीचा फरक सोडून द्यावा. तिन्ही जागी नवा फोन सारखा १० डीबी किंवा त्याहून मागे राहत असेल, तर त्याच्या अँटेनात दोष असण्याची शक्यता मोठी. दोन्ही फोन सारखेच कमी दाखवत असतील तर दोष जागेचा. सिमबरोबर त्रासही दुसऱ्या फोनमध्ये जात असेल तर दोष सिमचा किंवा त्या खात्याचा.

पडद्यावरचे शब्दही नीट वाचावेत. ‘सेवा नाही’ म्हणजे फोनला वापरता येण्याजोगा टॉवर सापडलेला नाही. ‘फक्त आपत्कालीन कॉल’ म्हणजे कुठला तरी टॉवर ऐकू येतो आहे, बहुधा दुसऱ्या कंपनीचा, पण फोनची तिथे नोंदणी होत नाही. शेजाऱ्याला तुमच्याच कंपनीची रेंज मिळत असताना तुमच्या फोनवर हे शब्द आले, तर अँटेनावर संशय घेण्याआधी सिम आणि खाते तपासावे. असा फोन ११२ ला मात्र लागतो, कारण तो कॉल मिळेल त्या नेटवर्कवरून जातो.

सिमबद्दल थोडे सविस्तर. मोठे सिम कात्रीने कापून नॅनो केलेले अजून पुष्कळांकडे आहे. ते कडेने पाव मिलिमीटर जरी वेडेवाकडे असले तरी ट्रेमध्ये सरकते आणि संपर्क तुटतो. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत सोनेरी पत्र्यावर डाग धरतात. कोरड्या मऊ कापडाने किंवा खोडरबराने हलकेच पुसून पाहावे, पाणी किंवा सेंट लावू नये. ३जीच्या काळातले सिम असेल तर ४जीवर ते नीट चालेलच असे नाही, सरळ बदलून घ्यावे. एक सावधगिरी: कंपनीकडून सिम बदलून घेतल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद राहतात, फसवणूक टाळण्यासाठी केलेला तो नियम आहे. बँकेचे काम किंवा तिकीट काढायचे असेल त्या दिवशी सिम बदलायला जाऊ नये, ओटीपी येणार नाही.

सेटिंगमध्ये पाहण्यासारख्या गोष्टी थोड्याच आहेत. ५जीच्या काठावरच्या गावात फोन ५जी आणि ४जी यांच्यात सतत उड्या मारतो, बॅटरी खातो आणि कॉल तोडतो. तिथे नेटवर्क टाइप ४जीवर आणून दोन दिवस वापरून पाहावे. व्होल्टीचे, म्हणजे ४जीवरून कॉल लावण्याच्या सोयीचे बटण चालू हवे, कारण जिओकडे २जी-३जी नाहीच आणि व्होल्टीशिवाय त्या सिमवर साधा कॉलही लागत नाही. नेटवर्कची निवड ऑटोमॅटिकवर असावी. पोळे किंवा मोले ओलांडून कर्नाटकात गेलेल्यांनी तिथे हाताने नेटवर्क निवडले असेल, तर परतल्यावर फोन तिकडचाच टॉवर शोधत बसतो. आपले सर्कल, म्हणजे मोबाइल सेवेचा विभाग, महाराष्ट्र-गोवा आहे, पलीकडचे कर्नाटक, आणि कंपनी एकच असली तरी नेटवर्कचा संकेतांक बदलू शकतो. सावंतवाडीकडे जाताना सर्कल बदलत नाही. एवढे करून भागले नाही तर रीसेट नेटवर्क सेटिंग्ज हा पर्याय वापरावा. फोटो-नंबर जात नाहीत, पण वायफायचे पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोडण्या पुसल्या जातात, त्या आधी टिपून ठेवाव्यात. काड्या भरपूर आणि इंटरनेट नाही, असे असेल तर एपीएन, म्हणजे कंपनीच्या इंटरनेटशी जोडणारे सेटिंग पाहावे. एपीएन चुकल्याने रेंज कमी होत नाही, फक्त डेटा अडतो.

कव्हर काढून एकदा आकडा पाहावाच. गाडीतल्या चुंबकी स्टँडसाठी कव्हरच्या आत लोखंडी चकती चिकटवलेली असते आणि ती नेमकी अँटेनाच्या जागी येऊ शकते. धातूच्या कडेचे कव्हर तर घेऊच नये. धातूच्या चौकटीच्या फोनवर ज्या बारीक रेघा दिसतात त्या शोभेच्या नसतात, तिथे अँटेनाचे भाग वेगळे केलेले असतात. आडवा धरून खेळताना दोन्ही तळव्यांनी त्या झाकल्या की सिग्नल घसरतो.

आपल्याकडे तारवटी (जहाजांवर काम करणारे) आणि आखातात काम करणारे आप्त फोन घेऊन येतात, म्हणून हे खास सांगायला हवे. बाहेरच्या देशात विकलेल्या फोनमध्ये इथले सगळे बँड, म्हणजे वारंवारतांचे पट्टे, असतीलच असे नाही. इथे ४जीसाठी जिओ बँड ३, ५ आणि ४० वापरते. एअरटेलच्या फोनला १, ३, ८ आणि ४० हवेत, व्ही (व्होडाफोन-आयडिया) ला १, ३, ८ आणि ४१, तर बीएसएनएलला १ आणि २८. ५जीला एन७८ सगळ्यांत महत्त्वाचा आणि जिओसाठी एन२८ सुद्धा. फोन मागवण्यापूर्वी खोक्यावरचा नेमका मॉडेल क्रमांक घेऊन उत्पादकाच्या संकेतस्थळावर बँडची यादी ताडून पाहावी. नुसते ‘४जी-५जी चालतो’ या शब्दावर जाऊ नये. बँड असले तरी काही परदेशी मॉडेलवर इथल्या कंपनीची व्होल्टी सुरूच होत नाही. तो फोन परदेशी कंपनीला लॉक केलेला नाही, याचीही खात्री हवी. अमेरिकेत विकलेल्या आयफोन १४ आणि नंतरच्या कित्येक फोनमध्ये सिमची खाचच नाही, ई-सिम (फोनमध्येच बसवलेले सिम) लागते. वापरलेला फोन घेत असाल तर *#०६# ने आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक पाहून केवायएम, मग एक जागा सोडून तो पंधरा आकडी क्रमांक, असा एसएमएस १४४२२ ला पाठवावा. चोरीचा म्हणून बंद केलेला क्रमांक असेल तर कितीही रीसेट केले तरी नेटवर्क येत नाही.

राहिली जागा, आणि गोव्यात बहुतेक प्रकरणे शेवटी इथेच येऊन थांबतात. चिऱ्याच्या जाड भिंती, वर स्लॅब आणि पावसासाठी गच्चीवर घातलेले पत्रे. अशा घराच्या मधल्या खोलीत उच्च वारंवारतेचा सिग्नल फारसा पोचत नाही. ७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतून बऱ्यापैकी शिरतात, २३०० च्या कमी, ३३०० च्या त्याहूनही कमी. नव्या फ्लॅटच्या खिडक्यांना ऊन परतवणारी धातूचा मुलामा दिलेली काच असेल तर ती सिग्नलही परतवते, म्हणून खिडकी उघडून आकडा पाहावा. सत्तरी, सांगे, धारबांदोडा, काणकोण या तालुक्यांत डोंगर आडवा आला की भिंतीचा प्रश्नच उरत नाही. पावसाबद्दल मात्र एक समज चुकीचा आहे. पावसाच्या धारा मोबाइलच्या या वारंवारतांना जवळजवळ अडवत नाहीत. ओली, दाट पाने अडवतात, आणि टॉवर-टॉवरमधला मायक्रोवेव्ह दुवा मुसळधार पावसात कमजोर होतो, कारण त्याची वारंवारता फार वरची असते. त्यात वीज गेली आणि टॉवरची बॅटरी उतरली की सगळ्या वाड्याची रेंज एकदम जाते. तेव्हा पावसात रेंज गेली तर आधी शेजाऱ्याला विचारावे. चवथीला किंवा जत्रेच्या रात्री काड्या भरलेल्या असून व्हॉट्सॲप अडकते ती गर्दी असते, सिग्नल नव्हे. त्यावर फोनमध्ये उपाय नाही.

घरात ब्रॉडबँड असेल तर वायफाय कॉलिंग चालू करावे. नेहमीच्याच नंबरवरून बोलता येते, वेगळे ॲप लागत नाही. दोन सिम असतील तर दोघांसाठी ते वेगवेगळे चालू करावे लागते. रेंज वाढवणारा बूस्टर कुणी विकत देऊ लागला तर घेऊ नये. खासगी व्यक्तीने परवान्याशिवाय असा रिपीटर ठेवणे बेकायदा आहे, आणि तो टॉवरकडे गोंगाट पाठवून आसपासच्या सगळ्यांचे नेटवर्क बिघडवतो.

टॉवर हवा की नको यावर गावात वाद होतात आणि तो निर्णय गावाचाच आहे. मात्र ग्रामसभेत एक गोष्ट माहीत असलेली बरी: टॉवर दूर असला की कानाला लावलेला फोन आपली शक्ती वाढवतो. ४जी फोन सहसा जास्तीत जास्त २०० मिलिवॉटपर्यंत जातो, टॉवर जवळ असताना त्याच्या अंशानेच काम चालते. फोन तापतो आणि बॅटरी भरभर उतरते ती यामुळेच. टॉवरच्या किरणोत्सर्गाची मर्यादा भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे.

चाचणीत दोष फोनचा निघाला तर तो उघडू नये, दुकानात खोलून घेऊ नये, वॉरंटी जाते. आकडे, जागा आणि तारीख सर्व्हिस सेंटरच्या जॉबशीटवर लिहून घ्यावेत; ‘नेटवर्क प्रॉब्लेम’ एवढेच लिहिले तर सॉफ्टवेअर अपडेट करून फोन परत देतात. ऐकले नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. दोष नेटवर्कचा असेल तर १९८ वर तक्रार करून क्रमांक घ्यावा. समाधान झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत विनाशुल्क अपील करता येते आणि त्याचा निकाल ३९ दिवसांत देणे बंधनकारक आहे. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०२४ च्या नियमांमुळे कंपन्यांना आपल्या कव्हरेजचे नकाशे संकेतस्थळावर द्यावे लागतात. नकाशात तुमचा वाडा रंगवलेला असेल आणि अंगणात आकडा उणे ११८ असेल, तर दोन्हींचे स्क्रीनशॉट अपिलाला जोडावेत.

आपल्या वृत्तपत्रात गावोगावच्या नेटवर्कच्या बातम्या येतात. त्यांत कोणती कंपनी, कोणता वाडा, घरात किती आणि बाहेर किती डीबीएम, एवढे छापले गेले तर कंपनीला ‘तपासणी सुरू आहे’ असे मोघम उत्तर देणे अवघड जाईल, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, मोबाइल दुरुस्ती तंत्रज्ञ
फोंडा, गोवा