झब्ब्याला कॉलर नसते

महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत शहराबाहेरच्या त्या छोट्या खासगी गोल्फ कोर्सवर अख्खे पान आले आहे. फोटो सुरेख. पण 'सर्वांसाठी खुले' हे आपल्या प्रतिनिधीने कशाच्या आधारावर लिहिले? त्यांची गाडी बहुधा फाटकावर थांबलीच नसावी.

माझी थांबली. भाचा तिथला सभासद, मी त्याचा पाहुणा. अंगात कडक इस्त्रीचा खादीचा झब्बा. फाटकावरच्या माणसाने अत्यंत नम्रपणे अडवले. "काका, कॉलर लागते." मी झब्ब्याची उभी पट्टी दाखवली. त्याने वाकून ती नीट पाहिली, आत फोन लावला आणि वर्णन करून सांगितले, "गळ्याला पट्टी आहे साहेब, पण दुमडत नाही." आतून नकार आला. याच झब्ब्यात मी सवाई गंधर्वला भारतीय बैठकीत रात्र काढलेली आहे, तिथे कोणी गळा तपासला नाही (गाणाऱ्यांचा सोडून). शेवटी आतल्या दुकानातून क्लबचे नाव छातीवर भरलेला टी-शर्ट आणवला आणि मोटारीत अंग चोरून बदलला. या वयात! किंमत भाच्याने सांगितली नाही, पण चिठ्ठी मी वाचली. तेवढ्यात दोन झब्बे शिवून झाले असते.

या खेळाचे माहेर स्कॉटलंडमधले सेंट अँड्र्यूज. तिथला ओल्ड कोर्स सार्वजनिक जागेवर आहे. रविवारी एरवी खेळ बंद, आणि गावकरी कुत्री घेऊन त्याच हिरवळीवर फिरतात. आणि आपल्याकडे नऊ होलचा एवढासा कोर्स, पण तोरा केवढा!

लेखात कॅडींना 'सामान उचलणारी मुले' म्हटले आहे. आमच्याबरोबरचा कॅडी आसपासच्याच गावचा होता. उंच गवतात गेलेला चेंडू भाचा पायाने चाचपत होता, या मुलाने तो लांबूनच बोटाने दाखवला. पुढे ग्रीनवर (चेंडू घालायच्या खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर) भाचा शेवटचा फटका मारणार, तेव्हा हा उकिडवा बसला, जमीन निरखली आणि म्हणाला, "दादा, डावीकडं ढाळ हाय, जरा उजवीकडून सोडा." दादांनी सरळ मारला. चेंडू डावीकडे वळून त्या सव्वाचार इंची खळग्याला वळसा घालून गेला. मुलगा काही बोलला नाही. खेळतोस का, विचारले तर म्हणाला, सोमवारी कोर्स बंद असतो तेव्हा. त्याची एक ओळ घेतली असती तर लेखाला काही वजन आले असते. 'मे महिन्यातही हिरवेगार' असे कौतुकाने लिहिताना पाणी कुठून येते, एवढे तरी विचारायचे! जाहिरात असेल तर वर तसे छापा, आमची हरकत नाही.

जाता जाता आणखी एक. वाचकांच्या पत्रांचे सदर हल्ली दोन-तीन पत्रांवर आले आहे, आणि तीही निम्मी कापून. जागेची अडचण आहे असे आपल्या कार्यालयातून सांगण्यात येते. कालच्या गोल्फच्या पानावर वरच्या अर्ध्या भागात नुसते गवत होते. हे पत्र तिथे सहज मावले असते.

आपला,
एक जुना वर्गणीदार
सदाशिव पेठ, पुणे ३०