लिनक्स उशिरा सुरू होते? आधी मोजा

संपादक महोदय,

विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. तेव्हा शाळा-वाचनालयांतले जुने संगणक भंगारात न काढता त्यांवर उबुंटू, डेबियन यांसारखी लिनक्स प्रणाली टाकणे शहाणपणाचेच. तक्रार एकच: सुरू व्हायला फार वेळ लागतो. आपल्याकडे पावसात वीज जा-ये करू लागली की ती जास्तच जाणवते. मग कोणीतरी इंटरनेटवरची यादी पाहून दिसेल ती सर्व्हिस (मागे आपोआप चालणारा प्रोग्रॅम) बंद करत सुटतो.

आधी टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) 'सिस्टमडी-ॲनालाइझ' (systemd-analyze) चालवावे. कर्नलला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला, किती आणि पुढच्या सर्व्हिसेसना किती वेळ लागला, ते कळते. त्यालाच 'ब्लेम' (blame) जोडले की लांबलचक यादी येते, पण तिच्यातल्या आकड्यांची बेरीज करू नये. बऱ्याच सर्व्हिसेस एकाच वेळी चालतात. कोणामुळे कोण अडले ते त्याच आज्ञेला 'क्रिटिकल-चेन' (critical-chain) जोडले की दिसते.

काळ्या पडद्यावर 'स्टार्ट जॉब' असे लिहून १ मिनिट ३० सेकंदांपर्यंत आकडा सरकत असेल, तर बहुधा सुरू होताना जोडायच्या डिस्कची यादी असलेल्या 'एफएसटॅब' (fstab) फाइलमध्ये काढून टाकलेल्या डिस्कची किंवा नव्याने फॉरमॅट केलेल्या स्वॅपची (रॅमला पूरक म्हणून डिस्कवर राखलेल्या जागेची) जुनी ओळ राहिलेली असते. 'ब्लकआयडी' (blkid) आज्ञेने खरे यूयूआयडी (डिस्कचे ओळख क्रमांक) पाहावेत, चुकीची ओळ वाचली जाऊ नये म्हणून तिच्याआधी # लावावा. कधी जोडलेली, कधी नसलेली डिस्क असेल तर तिच्या ओळीत 'नोफेल' (nofail) लिहावे. एवढ्यानेच दीड मिनिट वाचते.

नेटवर्क येईपर्यंत थांबून राहणारी 'नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन' (NetworkManager-wait-online) ही सर्व्हिस घरच्या संगणकावर खुशाल बंद करावी. शाळेच्या लॅबमध्ये मुलांचे फोल्डर सर्व्हरवरून येत असतील तर तिला हात लावू नये. नेटवर्क येण्याआधीच फोल्डर जोडायला जाऊन ते रिकामे दिसतील. ग्रबची (सुरुवातीला कर्नल निवडायच्या मेनूची) थांबण्याची वेळ ५ सेकंद असेल तर ती १ सेकंद करून 'अपडेट-ग्रब' (update-grub) चालवावे. शून्य नको, नवे कर्नल बिघडले तर जुने निवडायला तेवढी फट लागतेच.

सगळेच सारखे रेंगाळत असेल तर दोष जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा. अशा वेळी रॅम वाढवून बूट होण्याच्या वेळेत फारसा फरक पडत नाही. २४० जीबीची साटा एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) घालावी. आणि प्रत्येक वेळी घड्याळ मागे जाऊन 'एफ१ दाबा' असे येत असेल, तर लिनक्सला दोष न देता मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदलावा.

– एक वाचक, फोंडा