बडनेरा म्हणजे नुसतं स्टेशन नव्हे

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू मैत्रिणीला सांगत होतीस, 'बडनेरा म्हणजे अमरावतीचं स्टेशन.' राहवलं नाही, म्हणून लिहितो आहे.

बाई, बडनेरा हे स्वतःच्या नावाचं, मानाचं गाव. जुन्या नोंदींत त्याला 'बडनेरा बीबी' म्हटलंय, कारण अहमदनगरच्या निजामशाहीतल्या एका शहजादीला ते आंदण दिलं होतं. लेकीला कुणी उजाड गाव आंदण देतं का? मातीची गढी होती, गावाला तट होता. १८२२ साली राजाराम सुभा नावाच्या एकाने गाव लुटलं, बरंचसं उद्ध्वस्त केलं.

त्याला पुन्हा वर आणलं ते रेल्वेने आणि कापसाने. मुंबईची लाइन १८६७ मध्ये नागपूरला पोचली, ती बडनेऱ्यावरून. कापसाची मोठी पेठ अमरावतीत, पण ती लाइनीपासून दहाएक किलोमीटर आत राहिली. तिच्यासाठी बडनेऱ्याहून फाटा काढावा लागला. मग बडनेऱ्यात जिन म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना, रुईच्या गाठी बांधायची प्रेस, कापडाची गिरणी आली. तुझ्या आबांची बैलबंडी तिकडेच जायची. रात्री जेवणं आटोपली की बैल जुंपायचे, कापूस तुडवून तुडवून भरलेला, वरून दोर आवळलेला. पहाटे जिनच्या फाटकाशी बंड्यांची ही रांग! आतून येणारा गडी भुवयांपर्यंत पांढरा दिसे. लहान होतो, बंडीवरून उतरायची भीती वाटे.

१५ ऑगस्ट १९८३ ला अमरावती महानगरपालिका झाली आणि बडनेऱ्याची नगरपालिका तिच्यात विलीन झाली. हे चुकलं असं मी म्हणत नाही. पण नगराध्यक्ष आपल्याच गावचा असला की त्याला पानठेल्यावर गाठून नालीचं गाऱ्हाणं सांगता येतं. महापौर बसणार अमरावतीत. गावाने आपला कारभार आपण करणं ही मोठी गोष्ट असते, ती तेवढी गेली. विधानसभेचा मतदारसंघ मात्र आजही बडनेरा नावाने आहे, आणि जुनी वस्ती, नवी वस्ती ही नावंही लोकांच्या तोंडी टिकून आहेत.

दिवाळीला येशील तेव्हा स्टेशनवरून थेट एसटी पकडू नकोस. नव्या वस्तीत आत्याकडे थांब. नगरपालिकेच्या निवडणुका तिने पाहिल्यात, तिला बोलतं कर. जुन्या वस्तीतही ती घेऊन जाईल. तिच्यासाठी इथून तुरीची डाळ पाठवतोय, पोचली का तेही विचार.

तुझे बाबा