एकच लिव्हर, दोन अंदाज

नौपाडा, ठाणे
रविवार, दुपार

प्रिय सुध्या,

शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. तुझे फोन उचलले नाहीत, प्राजूच्या साखरपुड्याला आलो नाही, फोटोंवर नुसता अंगठा टाकून मोकळा झालो. माझी तब्येत ठीक. बीपीची गोळी चालू, हिची थायरॉईडची चालू. बाकी घरचे सगळे बरे, एक थोरला भाऊ सोडून.

अण्णाला लिव्हरचा कॅन्सर झालाय.

फोनवर सांगितलं असतं तर तू मिळेल त्या एसटीने आला असतास, आणि दारात चपला काढता काढता तेच बोलला असतास जे मी रिपोर्ट वाचताना मनात बोललो: अरे, पण प्यायचो तर आपण! येऊरला जाऊन आपण जे काही केलं त्याचा हिशेब लिव्हरने ठेवला असता तर आज या पत्राचं दुसरं टोक रिकामं असतं. आणि अण्णा माळकरी. आषाढी चुकवली नाही, लग्नाच्या पंगतीत सोलकढीसुद्धा वास घेऊन पिणारा माणूस. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी वहिनीला लिफ्टमध्ये हळूच विचारलं, "घ्यायचे का हो कधीमधी?" वहिनीने काय उत्तर दिलं ते तू आलास की तिच्याच तोंडून ऐक.

कारण निघालं हिपॅटायटिस बी. हा विषाणू जन्माच्या वेळी किंवा अगदी लहानपणी शिरला तर बहुतेकदा कायमचा मुक्काम ठोकतो. ना दुखत, ना खुपत. तीस-चाळीस वर्षांनी कळतं की लिव्हर आतून कडक झालंय. आईचं पोट शेवटी कसं फुगलं होतं तुला आठवत असेल, डबा तूच आणायचास. तेव्हा सगळे म्हणाले, कावीळ उलटली. आता मला भलताच संशय येतो, पण तो तपासायला कोण उरलंय? आम्हा सगळ्यांचं रक्त तपासून झालं. माझं निगेटिव्ह, पोरांना लस टोचलेलीच होती. अण्णाला विषाणू दाबून ठेवणारं टेनोफोव्हिर सुरू केलंय, ते आता जन्मभर.

हे झालं बातमीचं. आता खरं लिहायचंय ते लिहितो, कारण ते इथे कोणाला सांगता येत नाही. घरात सांगितलं तर रडारड होईल, आणि खात्यात सांगितलं तर म्हणतील, इतकी वर्षं सीटी मशीनवर बसलेला माणूस असा कसा हबकला.

तू मला नेहमी विचारायचास, त्या मशीनवर तू दिवसभर करतोस काय. 'श्वास आत घ्या, धरून ठेवा' हे तर रेकॉर्डिंगच बोलतं. बाबा रे, लिव्हरच्या स्कॅनमध्ये सगळा खेळ वेळेचा असतो. लिव्हरला रक्त दोन वाटांनी येतं. साधारण तीन चतुर्थांश पोर्टल व्हेनमधून, म्हणजे आतड्याकडून, आणि उरलेलं धमनीतून. ही गाठ मात्र जवळपास सगळं धमनीचंच पिते. म्हणून काँट्रास्ट, म्हणजे चित्रात पांढरं दिसणारं औषध, शिरेतून दिल्यावर साधारण पस्तिसाव्या सेकंदाच्या आसपास पाहिलं तर बाकी लिव्हर अजून करडं असतं आणि गाठ पांढरी पेटलेली दिसते. सत्तराव्या सेकंदाच्या पुढे लिव्हर उजळतं आणि गाठ विझत जाते. सिरोसिसच्या, म्हणजे लिव्हर असं कडक झालेल्या, पेशंटमध्ये हे दोन्ही नीट दिसलं तर सुई टोचून तुकडा काढायचीसुद्धा गरज पडत नाही, चित्रावरच निदान होतं. अण्णाचं तसंच झालं. स्क्रीनवर ती गाठ पेटली तेव्हा कन्सोलवर मीच होतो. काचेपलीकडे अण्णा हात डोक्यावर घेऊन पडलेला, माळ काढून माझ्या खिशात ठेवलेली.

इलाज ठरलाय टेसचा. मांडीतून नळी घालून लिव्हरच्या धमनीत जायचं, गाठीला जाणाऱ्या फांदीत तेलकट लिपिओडॉलमध्ये कालवलेली केमो सोडायची आणि मागून वाट बुजवून टाकायची. औषधही आत, उपासमारही आत. गाठी तीन आहेत, मोठी पाच सेंटीमीटरची, त्यामुळे कापून काढण्यातला मामला नाही. परळला टाटातही दाखवून आलो, त्यांनीही हेच सांगितलं.

आता गोम ऐक. टेस सगळ्यांना सारखी लागू पडत नाही. कोणाची गाठ जळून खाक होते, कोणाची ढिम्म हलत नाही. आणि ती फुकटची नसते. प्रत्येक वेळी आजूबाजूच्या धड लिव्हरलाही थोडा चटका बसतो. अण्णाचं लिव्हर अजून चाइल्ड-प्यू 'ए'मध्ये आहे, म्हणजे कडक झालेलं असलं तरी काम करतंय. लागू न पडणारी टेस दोनतीनदा केली आणि 'ए'चं 'बी' झालं, तर मागाहून जी औषधं द्यायची त्यांचीही दारं बंद होत जातात. २०२० पासून दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून द्यायची दोन औषधांची जोडी आली आहे, अटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब. ती घ्यायला लिव्हर बऱ्या अवस्थेत लागतं, आणि त्याआधी दुर्बीण घालून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा बघाव्या लागतात, कारण रक्तस्रावाची भीती. खर्चाचं आत्ता बोलत नाही. तर मुद्दा असा की टेस लागू पडणार की नाही हे आधी कळलं तर सोनंच.

आणि ते स्कॅनवरूनच सांगायचे प्रयत्न चालू आहेत. साधा हिशेबही आहे एक: मोठ्या गाठीचे सेंटीमीटर अधिक गाठींची संख्या. सहापर्यंत चांगलं, बाराच्या वर कठीण. अण्णाचे आठ. ठाणे-वाशी लोकलमध्ये ही बेरीज मी किती वेळा केली असेल! पाच आणि तीनचे कधीतरी सात होतील अशी आशा असल्यासारखी.

पण आमच्याकडे एक पोरगेला डॉक्टर आहे, रेडिओलॉजीत शिकतोय, तो याच्या पुढचं करतो. गाठीच्या कडेने रेघ मारून कॉम्प्युटरला देतो, आणि कॉम्प्युटर त्या गाठीचा पोत मोजतो. किती खरबरीत, कडा किती तुटक, उजळ-काळोख कसा विखुरलेला. डोळ्याला न दिसणारे शेकडो आकडे काढतो, आणि जुन्या पेशंटांचं पुढे काय झालं त्यावरून शिकलेला तो प्रोग्रॅम सांगतो: हा टेसला दाद देईल, हा देणार नाही. तुझे बाबा गोखले रोडला आंब्याच्या पेट्या लावायचे ते आठवलं मला. वरून सोन्यासारखा दिसणारा हापूस हातात घेऊन ते बाजूला टाकायचे, "साका आहे आत." आपण चोरून कापून बघायचो. बऱ्याचदा साका असायचाच. नसला की आपण तो आंबा गुपचूप खाऊन टाकायचो, म्हणजे त्यांचा हिशेब कायम शंभर टक्के!

अण्णाची रीतसर सही घेऊन त्याचाही स्कॅन त्या अभ्यासात घातला. निकाल पेशंटला द्यायचा नसतो, त्यावर इलाजही ठरवायचा नसतो. पण मी खात्यातला, आणि पोरगं भोळं. जेवणाच्या सुट्टीत म्हणालं, "काका, बाबांचं दाद न देणाऱ्यांत येतंय." भाऊ आहे हेही त्याला माहीत नव्हतं, मला अण्णाचा मुलगा समजत होता. केस काळे करण्याचे असेही फायदे असतात.

त्या दिवशी पोळी घशाखाली उतरली नाही. मग संध्याकाळी डोक्यात आलं की याने स्कॅन कुठला घेतला? तर पहिला. तो आमच्याकडचा नव्हेच, सोनोग्राफीत गाठ दिसल्यावर पुतण्याने घाईघाईत दुसऱ्या एका सेंटरमध्ये काढून आणलेला. मी तो उघडून पुन्हा पाहिला. महाधमनी पांढरीफटक आणि पोर्टल व्हेनमध्ये काँट्रास्टचा टिपूस नाही. म्हणजे घड्याळ लावून काढलेला, लवकर काढलेला. गाठ धड पेटायच्या आतच फोटो. वर स्लाइस, म्हणजे चित्राचे काप, पाच मिलिमीटर जाडीच्या. अशा चित्रात पोत तो काय मोजणार? आमच्याकडे महाधमनीत औषध ठरावीक पातळीला पोचल्याचं मशीन स्वतः बघतं आणि तिथून पुढे वेळ मोजतं, आणि स्लाइस मिलिमीटरच्या घरातल्या. मी पोराला म्हटलं, आमचा घाल. त्याने घातला.

निकाल उलटा आला. दाद देईल.

सुध्या, लिव्हर तेच. गाठी त्याच. दोन स्कॅनमध्ये फार दिवसांचं अंतरही नाही. मशीन बदललं, सेकंद बदलले, आणि माणूस या रांगेतून त्या रांगेत गेला. पोरगं प्रामाणिक आहे. म्हणालं, काका, यातली हीच तर अडचण आहे. एका ठिकाणच्या थोड्या पेशंटांवर शिकलेला प्रोग्रॅम दुसऱ्या मशीनच्या चित्रांवर गडबडतो, म्हणून अजून हे दवाखान्यात वापरत नाहीत.

हे मला पटतं. तांत्रिकदृष्ट्या माझंच बरोबर आहे, दुसरा स्कॅन चांगला आहे, कुठलाही रेडिओलॉजिस्ट हेच म्हणेल. तरी झोप लागत नाही. कारण समज, उलटं झालं असतं. पहिल्या भिकार स्कॅनवर 'दाद देईल' आलं असतं, तर मी पोर्टल व्हेन बघायला गेलो असतो का? स्लाइस मोजल्या असत्या का? पेढे घेऊन घरी आलो असतो. मंडळाच्या जनरेटरच्या भाड्याच्या पावतीवरून तू आणि खजिनदार अण्णा भांडलात तेव्हा तू मला तोंडावर म्हणाला होतास, "तुला जे हवं असतं तेवढंच दिसतं." त्या पावतीच्या बाबतीत तू चूकच होतास, हे मी मरेपर्यंत म्हणणार. पण ते वाक्य आता रात्री दोन वाजता येऊन बसतं.

अण्णाने स्वतःच विचारलं. सही केली होती ना, विसरतोय कशाला. देवपूजा आटोपून म्हणाला, "तुमच्या कॉम्प्युटरने माझं काय केलं?" नियमाने मी बोलायला नको होतं. पण त्याच्यासमोर खोटं बोलणं मला शाळेपासून जमलेलं नाही, तुला माहीत आहे. दोन्ही सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग खजिनदाराच्या आवाजात म्हणाला, "दोन वह्यांत दोन बेरजा आल्या तर दोन्ही वह्या बाजूला ठेवायच्या आणि पैसे मोजायचे." आणि वहिनीला चहा टाकायला सांगितला.

पैसे मोजायचे म्हणजे टेस झाल्यावर महिना-दीड महिन्याने पुन्हा स्कॅन. तिथेही एक गंमत आहे. गाठ मेली तरी आकाराने तेवढीच राहू शकते, त्यामुळे नुसती पट्टी लावून भागत नाही. २०१० पासून यासाठी वेगळे निकष आहेत: काँट्रास्ट दिल्यावर जेवढा भाग अजून पेटतो तेवढाच जिवंत धरायचा आणि तोच मोजायचा. तो तीस टक्क्यांनी घटला तरी थोडी दाद आहे म्हणतात, अजिबात पेटला नाही तर पूर्ण. तो स्कॅन मी करणार नाही, दुसऱ्याला बसवणार आहे. मोजणाराही दुसरा, आणि आधीचे निकाल माहीत नसलेला. एवढं मी ठरवलंय.

टेस येत्या गुरुवारी. नंतर चार दिवस ताप येईल, पोट दुखेल, उलट्या होतील असं सांगितलंय. त्या दिवसांत अण्णा सगळ्यांवर खेकसणार, त्याआधी तू फोन कर. मला नव्हे, त्याला. पावतीचा विषय तू काढू नकोस, तो काढेल. त्याच्या कपाटात मंडळाच्या त्या वर्षाच्या वह्या अजून आहेत, परवा त्याने मला दाखवल्या. त्यात तुझ्या नावापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह आहे, खोडलेलं नाही. तू तेव्हा जे काही केलंस ते त्याला खरं सांगून टाक, मला नाही कळलं तरी चालेल.

प्राजूचा होणारा नवरा फोटोत बरा दिसतो, उंच आहे. कुडाळच्या घराचं छप्पर झालं का? लग्नाची तारीख कळव, या वेळी येईन. तुझ्या घरच्या वहिनीच्या गुडघ्याचा एमआरआय काढलास ना, तो व्हॉट्सअॅपवर फिल्मचे फोटो काढून पाठवू नकोस, ट्यूबलाइट दिसते त्यात. सीडी कुरिअर कर.

तुझा,
विज्या