बाबा, तुमची चिठ्ठी परत आली

कोल्हापूर
१६ नोव्हेंबर २०२५

ती. बाबा आणि ती. आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही, आणि आई मधे निरोप सांगायला बसली की सगळं बोलणं जेवणखाण नि औषधांवरच संपतं. मला जे सांगायचंय ते असं तुकड्यातुकड्यांत सांगण्यासारखं नाही. म्हणून आज रविवारी निवांत बसून लिहिते आहे. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. दादाला वाचून दाखवायला लावू नका, तुम्ही स्वतः वाचा.

आधी दुकानाचं. दिवाळी बरी गेली. गर्दी कमी नव्हती, वजन कमी होतं. धनत्रयोदशीला रात्री दहापर्यंत माणसं होती, पण जो-तो एक ग्रॅम, दोन ग्रॅम. तोळ्याचं वेढणं घेणारी आपली नेहमीची गिऱ्हाइकं यंदा अर्ध्या तोळ्यावर आली. एप्रिलमध्ये सोनं पहिल्यांदा लाखाला टेकलं तेव्हा बाबा म्हणाले होते, "आता थांबेल." थांबलं नाही. आज चोख सोनं सव्वा लाखाच्या आसपास आहे. ऑक्टोबरात चांदी किलोला दीड लाखाच्या पलीकडे गेली, त्यामुळे हुपरीकडून पैंजणांचा माल मागवताना हात आखडतो. ठुशी मात्र अजून विचारतात. हलकी करून द्या म्हणतात, अठरा कॅरेटमध्ये चालेल म्हणतात. जुलैपासून तर नऊ कॅरेटलाही हॉलमार्क मिळायला लागलाय. परवा एका मुलीने नऊ कॅरेटचं मंगळसूत्र मागितलं तेव्हा मला आजीचं बोलणं आठवलं. १९६३ च्या जानेवारीत सरकारने सुवर्ण नियंत्रण आणून चौदा कॅरेटच्या वरचे दागिने करायला बंदी घातली, आणि आजोबांनी ऐरण झाकून ठेवून दोन वर्षं वीटभट्टीवर हिशेब लिहिला. तेव्हा कायद्याने कस खाली आणला, आता भाव आणतोय. त्या मुलीला मी नाही म्हटलं नाही. तिच्या ऐपतीत बसेल असं काहीतरी तिच्या गळ्यात असावं, एवढंच तिला हवं होतं.

वैधमापनवाल्यांनी काट्यावर शिक्का मारून दिला. हॉलमार्कला माल आठवड्यातून दोनदा जातो, सोन्याच्या डागामागे ४५ रुपये आणि वर जीएसटी. गिऱ्हाइकं आता मोबाइलवर तो सहा अक्षरी नंबर टाकून तिथेच बघतात. बाबा, तुम्हाला हे आवडलं असतं. तुम्ही कसोटीवरची रेघ गिऱ्हाइकाला दाखवायचात, तसंच आहे हे.

आता मूळ गोष्ट.

मागच्या मंगळवारी, अंबाबाईच्या किरणोत्सवाची गर्दी महाद्वार रोडवरून आपल्या सराफांच्या गुजरीत उतरली होती तेव्हा, राधानगरीकडच्या एक मावशी आल्या. साठी ओलांडलेल्या, बरोबर नात. पदरातून रुमाल काढला, त्यात कोल्हापुरी साज. एकवीस पानांचा, अंगावरचा, रोजच्या वापरातला. जवमणी झिजून गुळगुळीत झालेले, नागाच्या पानाची फणा बोटांनी चाचपून चाचपून सपाट झालेली. नातीला नर्सिंगला घातलंय, फी भरायची आहे, मोडायचा म्हणाल्या. आधी एका मोठ्या दुकानात जाऊन आल्या होत्या. तिथला आकडा त्यांनी सांगितला नाही आणि मी विचारला नाही.

मी काटा लावला. ३६ ग्रॅम आणि वर १० मिलीग्रॅम. कॅरेट मीटरवर तीन ठिकाणी धरला, पानावर एक आकडा, टाक्यापाशी, म्हणजे पानं-कड्या जोडल्या तिथे, दुसराच. आणि मग, बाबा, मी तेच केलं जे आज सगळेच करतात. पानांत लाख भरलेली, म्हणून अंदाजाने तिसरा हिस्सा लाखेचा काढला. जुना टाका, म्हणून वर आठ टक्के घट. उरलेल्याचा आकडा सांगितला, २ लाख ५२ हजार. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. हात आपोआप तसा चालतो आता.

मावशी रागावल्या नाहीत. त्यांनी बटव्यातून घडी घातलेला कागद काढून काचेवर ठेवला. "ह्यात काय लिवलंय ते बघ की पोरी. तुझ्या बापाचं अक्षर हाय."

आपली जुनी चिठ्ठी होती. वर अंबाबाईचं नाव, खाली तुमचं वळणदार अक्षर, १९८७ सालचं. एकूण ३६.२००. लाख व दोरा ९.७००. निव्वळ २६.५००. आणि त्याखाली एक ओळ: "मोडीस टाक्याची घट धरणार नाही." खाली तुमची सही.

काचेपलीकडे त्या उभ्या होत्या आणि मला मान वर करवेना.

मी त्यांना आत बोलावलं, चहा सांगितला, आणि साजाची पानं घडवणाऱ्या आपल्या मामांना वरून खाली बोलावलं. म्हटलं, अंदाज नको, उकलून बघू. आई, दोरा कापताना मामा थांबले. मागच्या गाठीकडे बोट दाखवून म्हणाले, "ही वैनींची गाठ." मावशींनी सांगितलं की दोनदा इथेच गाठवून घेतला होता, शेवटचा तुझ्या हातून. तुझी ती दुहेरी गाठ, जी मला अजून तशी जमत नाही, ती मी कापली नाही. बाजूने दोरा सोडवला. गाठ माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

मामांनी एकेक पान गरम करून लाख काढली. वासाने सगळं दुकान भरलं, आणि गर्दीतली दोन-चार माणसं काय चाललंय म्हणून डोकावली. चंद्र, कमळ, बेलपान, मासा, कासव, शंख, भुंगा, वाघनख, ताईत... सगळी पानं पोकळ होऊन कागदावर ओळीने मांडली तेव्हा नात मोजत होती. तिला दहा अवतारांची नि अष्टमंगळांची पानं कोणती ते सांगितलं. तिने आजीच्या गळ्यात हा साज लहानपणापासून पाहिलेला, पण कुठल्या पानाचं काय ते तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

सोनं काट्यावर ठेवलं. २६.३१०.

बाबा, तुमच्या आकड्यापेक्षा १९० मिलीग्रॅम कमी. अडतीस वर्षांची झीज तेवढी. शेतात, चुलीपुढे, लग्नकार्यात, गळ्यात घासून घासून फक्त १९० मिलीग्रॅम. लाख तुम्ही लिहिली होती तेवढीच निघाली. मी अंदाजाने १२ ग्रॅम काढणार होते.

पानं अशी पुढे मांडलेली बघून मावशींचं मन थोडं हललं. बेलपान आणि कासव बाजूला काढून म्हणाल्या, ही दोन राहू देत, हिच्या लग्नाला मंगळसूत्रात ओवीन. दोन्हींचं वजन १.४१० भरलं. राहिलेलं २४.९००. मी एकदा विचारलं, सगळा मोडायलाच हवा का, थोडे पैसे कमी पडत असतील तर बघू. त्या म्हणाल्या, "डाग कशाला असतो बाई? अडीला." पुढे मी बोलले नाही. त्यांच्या समोरच मुशीत घातलं, सवागीचा खार टाकला, मामांनी आटवलं. गोळी निघाली २४.८६०, कस शंभरात ८८.९. म्हणजे बावीस कॅरेटचा ९१.६ नाही भरला. त्या काळात टाक्यात तांबं-चांदी जास्त असायची, पानं नि कड्या जोडताना तेवढा कस उतरणारच, हे मामांनी मावशींना नीट समजावलं. त्यानंतर केडीएम आलं, कॅडमियमच्या टाक्याने कस राखला पण धुराने कारागिरांच्या छात्या गेल्या. मामांचे थोरले भाऊ त्यातच खोकून खोकून खंगले, ते तुम्ही पाहिलंच आहे. आता हॉलमार्कच्या मालात ते चालत नाही, बरं झालं.

तर गोळी कमी कसाची. पण तुमची ओळ समोर होती. २४.९०० चे पैसे पूर्ण बावीसने दिले, २ लाख ८५ हजार. आपल्या खिशातून जवळजवळ नऊ हजार गेले. आणि साज अख्खा मोडला असता तर माझ्या पहिल्या आकड्यात नि खऱ्या हिशेबात ४८ हजारांचा फरक पडला असता. हा आकडा मी दोनदा मांडून पाहिला. नऊ हजार गेल्याचं काही नाही. ते ४८ हजार मी घेणार होते, हे माझ्या मनातून जात नाही. एका मुलीच्या फीचे पैसे होते ते.

रोख मागत होत्या. एवढी रक्कम रोख देता येत नाही म्हणून जिल्हा बँकेच्या खात्यात भरले. नातीच्या मोबाइलवर मेसेज आला तेव्हाच त्या उठल्या. जाताना चिठ्ठी परत मागितली. मी म्हटलं, मावशी, व्यवहार तर पुरा झाला. त्या म्हणाल्या, "दोन पानं हायत की अजून." बरोबरच होतं. मी तुमच्या ओळीखाली लिहिलं: "शिल्लक पाने दोन, सोने १.४१०. मोडीस घट नाही." तारीख घातली आणि सही केली. तुमच्या सहीखाली माझी सही पहिल्यांदाच पडली. गादीवर बसून चार वर्षं झाली, पण त्या दिवशी मला वाटलं की आता कुठे दुकान माझ्या हाती आलं. मामांनी दुसऱ्या दिवशी दोन्ही पानांत नवी लाख भरून दिली, मजुरी घेतली नाही.

त्या रात्री दुकान वाढवल्यावर माळ्यावरच्या वह्या काढल्या. धूळ खूप होती. आई, तू खारकेच्या डब्यात ठेवलेल्या किल्ल्या अजून तिथेच आहेत. चिठ्ठ्यांच्या दुसऱ्या प्रती बघत गेले. ती ओळ पहिल्यांदा १९७९ च्या वहीत सापडते, आजोबांच्या अक्षरात. १९८३ पासून तुमच्या. शेवटची २००४ ला. त्यानंतर छापील बिलं आली आणि ओळ गेली. एकट्या साजांचीच संख्या एकशेबारा भरली. ठुश्या, मोहनमाळा, पुतळ्या मी अजून मोजल्या नाहीत.

ह्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, हे सगळे डाग एकदम परत आले तर? एकदम येणार नाहीत, मला ठाऊक आहे. पण ह्या भावाला दर महिन्याला एखाददुसरा येणार, आणि प्रत्येक वेळी आठ-दहा हजार जाणार. सोन्याचा भाव एवढा चढेल हे तुम्ही ती ओळ लिहिताना धरलं नसणार. तरी मी ठरवलंय की १९७९ ते २००४ मधली चिठ्ठी घेऊन जो कोणी येईल, त्याला त्या ओळीप्रमाणेच द्यायचं. चिठ्ठी हरवली असेल तर वहीत बघायचं. म्हणून मोठ्या भाचीला बसवून सगळ्या वह्यांचे फोटो काढून घेते आहे, गावाप्रमाणे. लाख असलेला कुठलाही डाग आला तर अंदाज नाही, उकलूनच हिशेब करायचा, मग तो आपला असो की दुसऱ्या पेढीवरचा. वेळ जास्त लागतो, मामा कुरकुरतात, पण करतात.

आणि नव्या बिलावर ती ओळ परत छापायला टाकली आहे. आता टाकाही बावीसचाच असतो, त्यामुळे तिच्यासाठी आपल्याला काही द्यावं लागणार नाही. लाख-दोऱ्याचं वजन वेगळ्या रकान्यात येईल.

बाबा, मला एकच विचारायचं आहे, आणि त्याचं उत्तर फोनवर नको, लिहून पाठवा. २००४ नंतर ती ओळ छापील बिलात का नाही घेतली? छापखान्याची चूक होती, की तुम्हीच थांबवली? तुम्हीच थांबवली असेल तर तेव्हा दुकानाची ओढाताण चालली होती का, जे आम्हाला तुम्ही कळू दिलं नाही? ते साल माझ्या लग्नाचं होतं. मी तारखा जुळवून पाहिल्या, आणि मला ते कळायला हवं.

आई, तुझी मोत्यांची कुडी मामांनी दुरुस्त केली आहे, दादा आला की त्याच्याबरोबर पाठवते. डोळ्यांत थेंब घालायला विसरू नकोस. आणि डिसेंबरात येशील तेव्हा ती गाठ मला परत एकदा शिकव. कापलेली नाही, तशीच ठेवली आहे.

तुमची,
बाळी