९९ टक्के अचूक म्हणून विकलेल्या पट्टीबद्दल आणि माझ्या चालकावर आलेल्या आळाबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा आणि गुणवत्ता विभाग

विषय: लघवीतून नशा तपासण्याच्या पट्ट्यांची चुकीची माहिती, खराब निघालेले नग आणि फोनवर झालेला अपमान

आज दुपारी तुमच्याकडे चौथा फोन केला. फोन ठेवून दहा मिनिटं झाली नसतील, तर मोबाइलवर मेसेज आला: आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. कोणी निकाली काढली आणि काय ठरवून काढली, ते त्यात नाही. म्हणून आता लेखी देतो आहे.

मी नागपूरला वाडीत ट्रान्सपोर्टचा धंदा करतो. नऊ गाड्या आहेत. बुटीबोरीच्या एका कारखान्याचा माल आम्ही हैदराबाद आणि रायपूरला नेतो. यंदा त्यांनी करारात अट घातली की गाडी गेटवर लागण्याआधी चालकाची नशेची तपासणी झालेली पाहिजे. अट मला मनापासून मान्य होती. मी स्वतः अकरा वर्षं गाडी चालवली आहे. ढाब्यावर डोडा (अफूची सुकी बोंडं) कसा मिळतो, भुक्की (त्याच बोंडांचा चुरा) कशी मिळते, रात्र काढायला पोरं कोणत्या गोळ्या गिळतात, हे डोळ्यांनी पाहिलं आहे. अशा माणसाच्या हातात भरलेली गाडी देणं म्हणजे समोरून मोटरसायकलवर बायकोपोरांना घेऊन येणाऱ्याचा जीव टांगणीला लावणं. तेव्हा तपासणीला माझा विरोध होता असं कृपा करून कुठे नोंदवू नका. मे महिन्यात तुमचा ५० कार्डांचा खोका (एका कार्डावर पाच नशांचे पाच रकाने) मी रोख पैसे मोजून मागवला तो याच काळजीपोटी.

भाऊबीजेनंतरच्या सोमवारी पाच चालकांची तपासणी केली. तीन जणांच्या सगळ्या रकान्यांत रेषा आल्या. चौथा नवा मुलगा आहे, चोवीस वर्षांचा. त्याच्या गांजाच्या रकान्यात रेष आली, पण फिकट. पाचवे आमचे मामा. अख्खं यार्ड त्यांना मामा म्हणतं. बावीस वर्षं माझ्याकडे आहेत आणि त्यांनी कधी तंबाखूसुद्धा मळलेला मी पाहिला नाही. त्यांच्या अफूच्या रकान्यात, ज्यावर तुम्ही एमओपी (म्हणजे मॉर्फिन) लिहिता, रेष आलीच नाही.

मी तुमच्या हेल्पलाइनला फोन लावला. हा फोन मी सविस्तर लिहितो, कारण तुमच्याकडे तो रेकॉर्ड झालेला असणार आणि तुम्ही तो ऐकावा अशी माझी मागणी आहे. फोन स्पीकरवर होता. मामा समोरच्या बाकावर बसले होते.

मी विचारलं, एका रकान्यात रेष फिकट आली आहे, काय समजायचं?

"सर, फिकट म्हणजे थोडी घेतली असेल."

थोडी म्हणजे?

"म्हणजे कमी प्रमाणात. तुम्ही पॉझिटिव्हच धरा."

आणि ज्याच्या रकान्यात रेषच नाही?

"त्याने जास्त घेतली."

मी म्हटलं, हा माणूस मी बावीस वर्षं ओळखतो, एखाद्या औषधाने किंवा खाण्याने असं होऊ शकतं का? तर तुमचा माणूस म्हणाला, "सर, पकडले गेले की सगळे काही ना काही कारण सांगतात. आमची किट ९९ टक्के अचूक आहे. तुमच्यासारखे मालक ड्रायव्हरच्या बोलण्यात येतात म्हणूनच रस्त्यावर माणसं मरतात."

हे मामांनी ऐकलं. ते उठले, खिशातून गाडीची चावी काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाले, "मालक, बावीस वर्सं गाडी चालवली तुमची, एक खरोच नाही येऊ देल्ली. आता हा कागदाचा तुकडा मले नशेडी म्हन्ते." आणि गेले. मी त्यांना थांबवलं नाही. ते माझं पाप आहे आणि मी ते तुमच्या माथी मारत नाही. पण ज्या शब्दावर विसंबून मी गप्प बसलो, तो शब्द तुमचा होता.

त्या संध्याकाळी ओळखीच्या एका पॅथॉलॉजिस्ट मॅडमना फोन केला. त्यांनी पहिलं वाक्य बोललं ते असं: फिकट रेष म्हणजे निगेटिव्ह, त्या मुलाला कशाला घरी बसवलं? मला आधी कळेचना. मग त्यांनी समजावलं. पट्टीच्या सुरुवातीला सोन्याचे अतिसूक्ष्म कण चिकटवलेल्या अँटिबॉडीज (ठरावीक पदार्थाला धरणारी प्रथिनं) असतात आणि पुढे रेषेच्या जागी त्याच नशेचा अंश आधीच पक्का बसवलेला असतो. लघवी पट्टीवरून पुढे सरकते तेव्हा त्या अँटिबॉडीजना सोबत घेऊन जाते. लघवीत नशा नसेल तर त्या मोकळ्या हातांनी रेषेपर्यंत पोहोचतात, तिथल्या अंशाला धरतात आणि रंग दिसतो. लघवीत नशा असेल तर त्यांचे हात वाटेतच भरतात आणि रेषेवर धरायला हात उरत नाहीत. दोन्ही हातांत पोती असलेला हमाल तिसरं पोतं उचलणार कसं? म्हणजे रेष दिसली की नशा ठरवलेल्या मर्यादेच्या खाली. ती फिकट असो की गडद असो. गरोदरपणाच्या चाचणीच्या बरोबर उलटं. हे मला एका फोनवर पाच मिनिटांत कळलं. तुमच्या पट्टीबद्दल तुम्ही नेमलेल्या माणसाला हे कळत नाही. त्याने एका पोराला "थोडी घेतली असेल" म्हणून गांजेकस ठरवलं. फिकट रेष म्हणजे निगेटिव्ह. हे मी पुन्हा लिहितो आहे, कारण तुमच्या माणसाला ते कोणीतरी वाचून दाखवलं पाहिजे.

मॅडमनी उरलेली लघवी फेकू नका म्हटलं. नशिबाने बाटल्या अजून तशाच होत्या. झाकण लावून, सही केलेलं लेबल चिकटवून त्यांच्या लॅबच्या फ्रीजरमध्ये ठेवल्या आणि गॅस क्रोमॅटोग्राफी-मास स्पेक्ट्रोमेट्रीसाठी बाहेर पाठवल्या. ती तपासणी पदार्थ रेणूच्या वजनावरून ओळखते, नुसत्या सारख्या दिसण्यावरून नाही. नऊ दिवसांनी रिपोर्ट आले. मुलाच्या लघवीत गांज्याचा अंश सापडला नाही. मामांच्या लघवीत मॉर्फिन होतं, मिलिलिटरला ४१० नॅनोग्रॅम. हेरॉइन घेतल्यावर सापडतं ते ६-मोनोअॅसिटिलमॉर्फिन अजिबात नव्हतं.

मॉर्फिन आलं कुठून, हा प्रश्न तुमच्या माणसाने विचारायला हवा होता, तो मॅडमनी विचारला. त्यांनी मामांना घरी फोन करून दिवाळीत काय खाल्लं ते विचारलं. मामींनी अनारसे केले होते. रविवारी साळ्याकडे सावजी मटण झालं. अनारशाची एक बाजू खसखशीत दाबतात आणि सावजी मसाल्यात खसखस वाटून घालतात, हे नागपुरात कोणत्याही घरी विचारा. खसखस अफूच्याच बोंडातली बी आहे. बोंडाचा चीक बियांना लागलेला असतो, त्यातलं मॉर्फिन पोटात जातं आणि लघवीतून बाहेर पडतं. अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा १९८५ सालचा आहे आणि त्यात अफूच्या बोंडाच्या व्याख्येतून बी वगळलेली आहे. म्हणजे हे खाणं गुन्हा नाही, हे सरकारला चाळीस वर्षांपूर्वी माहीत होतं.

आता तुमच्या कार्डावरचा आकडा घेऊ. तुमच्या अफूच्या रकान्याची मर्यादा ३०० नॅनोग्रॅम आहे. अमेरिकेत केंद्र सरकारच्या नोकरीतल्या तपासणीसाठी पूर्वी हीच ३०० ची मर्यादा होती. खसखस खाल्लेले आणि खोकल्याचं कोडीनचं औषध घेतलेले लोक त्यात विनाकारण अडकत होते, म्हणून १९९८ साली ती २००० केली गेली. मामा ४१० वर आहेत. मॅडमनी सरळ सांगितलं की एवढ्या आकड्यावरून कोणी खसखस खाल्ली की डोडा चघळला ते ठरत नाही, त्यासाठी डॉक्टरने माणसाशी बोलावं लागतं. अनारसे आणि सावजी रस्सा खाणाऱ्या देशात तुम्ही ३०० ची पट्टी विकता आणि खोक्यावर, ग्राहकाला दिसेल अशा कुठल्याच बाजूला, खसखशीचा एक शब्द लिहीत नाही.

औषधांचंही तसंच. ओफ्लॉक्सासिन आणि लिव्होफ्लॉक्सासिन या आपल्याकडे सर्रास लिहून दिल्या जाणाऱ्या अँटिबायोटिक गोळ्या आहेत आणि अफूच्या काही पट्ट्या त्यांनी फसतात. टीबीच्या उपचारातल्या रिफाम्पिसिननेही हे होतं. म्हणजे उद्या माझा एखादा चालक टीबीची औषधं घेत असेल, तर आजारपणाबरोबर त्याच्यावर नशेचाही आळ येणार. मी विचारलं होतं ना तुमच्या माणसाला, एखाद्या औषधाने होऊ शकतं का? त्याचं उत्तर "हो" असं एका शब्दाचं होतं.

उलट बाजूही बघा. ट्रॅमाडॉल २०१८ पासून एनडीपीएस कायद्याखाली आहे आणि ट्रकवाल्यांमध्ये त्याच्या गोळ्या चालतात हे मला माहीत आहे. तुमच्या पाच रकान्यांत ते दिसतच नाही. अफूचा रकाना मॉर्फिन ओळखतो, ट्रॅमाडॉल ओळखत नाही. म्हणजे अनारसे खाणारा सापडला आणि गोळी खाणारा सुटला. कारखान्याच्या गेटवर दोघांच्या हातात तुमचंच कार्ड.

९९ टक्क्यांचं आता सांगतो. माझा मुलगा बारावीला आहे, त्याने कागदावर मांडून दाखवलं. समजा हजार चालक आहेत आणि त्यांतले दहा खरंच नशा करतात. पट्टी ९९ टक्के बरोबर आहे असं अगदी तुमच्या शब्दावर धरू. दहा तर सापडतील. पण उरलेल्या ९९० जणांतले शेकडा एक, म्हणजे दहा जण, काही न करता अडकतील. सापडलेल्या वीस जणांत दहा निर्दोष. तुमचा माणूस ज्या आकड्याच्या जोरावर माझ्याशी त्या भाषेत बोलला, त्या आकड्याचा अर्थ हा आहे.

दुसरा फोन मी रिपोर्ट आल्यावर केला. मेल करा म्हणाले, केला. तिसऱ्या फोनवर सांगितलं की तांत्रिक विभाग कळवेल. तीन आठवडे कोणी कळवलं नाही. आज चौथ्या फोनवर बाई म्हणाल्या, "सर, माहितीपत्रकात लिहिलेलं आहे की हा प्राथमिक निकाल आहे, खात्रीची तपासणी करून घ्यावी. तुम्ही ते वाचायला हवं होतं."

मी ते भिंग घेऊन वाचलं. आहे लिहिलेलं. इंग्रजीत, घडीच्या आतल्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरांत. आणि खोक्याच्या पुढच्या बाजूला बोटभर उंचीचं ९९ टक्के अचूक. पहिल्या फोनवर मला सांगता पॉझिटिव्हच धरा, आणि चौथ्या फोनवर सांगता की धरायचं नव्हतं. यातलं तुमच्या कंपनीचं म्हणणं कोणतं?

आणखी एक. ५० कार्डांपैकी सहांवर नियंत्रण रेषच, म्हणजे पट्टी नीट चालली हे दाखवणारी रेष, आली नाही, म्हणजे ती कार्डं बाद. पाकिटावर साठवण २ ते ३० अंश लिहिली आहे. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या वर जातो आणि बंद कंटेनरच्या आत काय होतं, हे या धंद्यातल्या माणसाला तुम्ही सांगू नये. खोका माझ्याकडे साध्या बंद गाडीतून आला, पावती माझ्याकडे आहे. प्रथिनांनी भरलेला माल तुम्ही पत्र्याच्या पेटीत शिजवत पाठवला. उरलेल्या ४४ पट्ट्यांवर मी कशाच्या आधारे विश्वास ठेवू?

मी तुमच्याकडून एवढं मागतो. दोन्ही लॅब तपासण्यांचे पैसे आणि संपूर्ण खोक्याची किंमत परत करा. खोक्याच्या पुढच्या बाजूवर मराठी आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहा की हा अंतिम निकाल नाही, फिकट रेष निगेटिव्ह असते, खसखस आणि काही औषधांमुळे पट्टी चुकू शकते. फोनवर बसणाऱ्या माणसांना तुमचीच पट्टी वाचायला शिकवा. आणि मामांच्या नावे मराठीत लेखी माफी पाठवा. पहिल्या मागणीवर घासाघीस करा, या शेवटच्या मागणीवर करू नका.

१५ दिवसांत उत्तर आलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल आणि सदोष मालाबद्दल नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ प्रमाणे अन्न व औषध प्रशासनालाही कळवीन. वाडीच्या ट्रान्सपोर्टवाल्यांत माझी ओळख आहे. तुमचा खोका घेण्याआधी चौघांनी मला विचारलं होतं आणि मी चांगला आहे म्हणून सांगितलं होतं. त्या चौघांना मी काल फोन केला.

न उघडलेली सात कार्डं, दोन्ही रिपोर्ट, कार्डांचे घड्याळासह काढलेले फोटो आणि फोनच्या तारखा माझ्याकडे आहेत. मुलगा कामावर परत आला. मामा आलेले नाहीत. मी दोनदा त्यांच्या घरी जाऊन आलो, मामींनी चहा दिला, ते आतल्या खोलीतून बाहेर आले नाहीत. चावी अजून माझ्या टेबलावर आहे.

आपला ग्राहक,
वाडी, नागपूर
(नाव, ऑर्डर क्रमांक आणि बॅच क्रमांक मेलसोबत जोडले आहेत)