ताई, त्या दोन रेषा आता वेगळ्या दिसतात

प्रिय ताई,

गेल्या आठवड्यात माझी व्हायवा झाली. बाहेर आल्यावर आधी घरी फोन केला आणि मग तुम्हाला शोधत लॅबमध्ये आले, तर तुम्ही गावी गेलेल्या. म्हणून हे पत्र.

तुम्ही थांबलात ती संध्याकाळ मला लख्ख आठवते. सॅक खांद्याला अडकवलेली, बसची वेळ झालेली. एनएस-२ या नेटवर्क सिम्युलेटरमधल्या एओडीव्हीला, म्हणजे बिनतारी उपकरणांनी एकमेकांमार्फत वाट शोधण्याच्या प्रोटोकॉलला, मी एन्क्रिप्शन जोडत होते. आरएफसी ३५६१ या २००३ सालच्या दस्तऐवजात नोंदवलेल्या त्या प्रोटोकॉलमध्ये सुरक्षेची वेगळी सोयच नाही. शेजारच्या नोडने, म्हणजे उपकरणाने, सांगितलं, की ते खरं धरायचं. तीन आठवडे मी सेगमेंटेशन फॉल्टशी, म्हणजे प्रोग्राम मध्येच कोसळण्याशी, झगडत होते. हेडर फाइल बदलली पण आधीच्या कोडपासून बनलेल्या जुन्या ऑब्जेक्ट फाइल तशाच राहिल्या, हे तुम्ही उभ्याउभ्याच ओळखलंत. ‘मेक क्लीन’ने त्या पुसून पुन्हा बांधलं आणि चाललं!

मग मी मोठ्या आनंदाने ग्राफ दाखवला. एन्क्रिप्शनसह आणि एन्क्रिप्शनशिवाय, डिलेच्या, म्हणजे पॅकेट पोचायला लागलेल्या वेळेच्या, दोन्ही रेषा एकावर एक. एन्क्रिप्शनचा भार शून्य! तुम्ही सॅक खाली ठेवलीत, खुर्ची ओढलीत आणि ट्रेस फाइल, म्हणजे सिम्युलेशनची नोंदवही, उघडायला लावलीत. आकडे शेवटच्या दशांशापर्यंत सारखे होते. “सिम्युलेटरला काही कळलेलंच नाहीये ग,” तुम्ही म्हणालात. “पॅकेटचा साइझ कुठे वाढवलास?”

कुठेच नाही. एनएस-२ मधलं पॅकेट म्हणजे सी++ चं स्ट्रक्चर. हवेतून किती बाइट गेले, हे आपण साइझमध्ये लिहू तेवढंच त्याला ठाऊक. आरएफसीप्रमाणे रूट रिक्वेस्ट, म्हणजे वाट विचारणारं पॅकेट, २४ बाइटांची. एईएस या एन्क्रिप्शनच्या पद्धतीचे ब्लॉक १६ बाइटांचे, म्हणजे पॅडिंगने ती ३२ वर जाते, त्यावर आयव्हीचे, म्हणजे एन्क्रिप्शनच्या सुरुवातीला लागणाऱ्या आकड्याचे, १६. एवढा दुप्पट बोजा मी कुठेच धरला नव्हता. वेळेचंही तेच. एईएस माझ्या लॅपटॉपच्या प्रोसेसरवर खरोखर चालत होतं, पण सिम्युलेशनचं घड्याळ तेवढा वेळ जागचं हलत नव्हतं. तो वेळ वेगळा मोजून शेड्युलरच्या डिलेमध्ये हाताने मिळवावा लागतो. शिवाय रूट रिक्वेस्ट पुढे पाठवताना एओडीव्ही मुळातच १० मिलिसेकंदांपर्यंतचा यादृच्छिक उशीर घालतो. त्यात मायक्रोसेकंद हरवून जातात, म्हणून निरनिराळे सीड, म्हणजे यादृच्छिकतेचे सुरुवातीचे आकडे, घेऊन सरासरी काढायची, हेही तुम्हीच सांगितलंत.

पण मला सगळ्यात जास्त ऋणी केलं ते पुढच्या प्रश्नाने. “सगळ्यांकडे एन्क्रिप्शनची एकच किल्ली आहे. त्यातलाच एक नोड फितूर झाला तर?” तो आपली वाट सगळ्यात ताजी भासवणारा मोठा सिक्वेन्स नंबर टाकून उत्तर देईल, सगळी वाहतूक स्वतःकडे ओढेल आणि गिळून टाकेल. यालाच ब्लॅक होल म्हणतात. कुलूप मजबूत, पण किल्ली चोराच्याच खिशात. पॅकेटवर डिजिटल सही करावी म्हटलं, तर हॉप काउंट, म्हणजे किती टप्पे झाले तो आकडा, प्रत्येक नोडवर एकने वाढतो, म्हणजे अख्ख्या पॅकेटवरची सही पुढच्याच नोडवर खोटी ठरते. मग तुम्ही माझ्या वहीच्या मागच्या पानावर एसएओडीव्हीची, म्हणजे एओडीव्हीच्या सुरक्षित रूपाची, युक्ती काढून दाखवलीत: न बदलणाऱ्या भागावर सही, हॉप काउंटसाठी हॅशची, म्हणजे उलटं सोडवता न येणाऱ्या गणिताची, साखळी. पाच चौकोन, त्यांना जोडणारे बाण, आणि उलटा बाण काढून त्यावर मारलेली ठळक फुली.

तुमची बस चुकली, ताई. त्याबद्दल तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत.

आता त्या रेषा वेगळ्या आहेत. नोड वाढले की फट रुंदावते. परीक्षकांनी नेमकं त्याच ग्राफवर बोट ठेवून विचारलं, आणि मला एकही शब्द शोधावा लागला नाही. मनापासून आभार.

साखळीची ती आकृती प्रबंधात आहे तशीच घेतली आहे, फुलीसकट. एक प्रत तुमच्या टेबलाच्या वरच्या खणात ठेवली आहे.

तुमची,
खिडकीजवळच्या मशिनवरची ज्युनिअर